लुचेचे दात

रात्री साडेनऊला, चुलीत शेवटचं लाकूड सरकवून झालं
की मी तर्जनीला रबराची टोपी चढवते.
तिच्यावर बारीक काटे, मांजरीच्या जिभेसारखे,
काट्यांवर वाटाण्याएवढी पेस्ट, कोंबडीच्या चवीची.
लुचे टेबलाखाली जातो.
रोज जातो.
रोज मी वाकते, गुडघे कुरकुरतात,
दाताच्या कण्या करते त्याच्यापुढे:
ये रे, एवढा एक सुळा, मग सोडते.

आचाओच्या धक्क्याजवळ डॉक्टर नाहुएल्वालचा दवाखाना.
तिनं वसंतात त्याचा ओठ उचलून दाखवला:
दाढांवर तपकिरी खडक,
बोटीच्या तळाला शिंपले धरतात तसा,
हिरडीची कड लाल, आणि वास
ओहोटीनंतरच्या चिखलाचा.
"सेन्योरा ओर्फेलिना, हा दुखत दुखत जेवतोय.
कुत्री सांगत नाहीत.
एका बाजूनं चावतात, इतकंच."

भूल दिली. यंत्र शिट्टी वाजवत खडक फोडत गेलं.
चार दाढा वाचल्या नाहीत. कागदी पाकिटात घालून तिनं माझ्या हाती दिल्या.
मुळं केवढी!
वर दिसतं त्याच्या दुप्पट खाली रुतलेलं.
बिल पाहून माझीच दातखीळ बसली.
तीन स्वेटर आणि एक घोंगडी, मी मनात मोजलं,
म्हणजे जवळजवळ अख्खा हिवाळा, सुयांवर.

आउदिलिओ असता तर दात विचकून हसला असता.
कुत्र्याला ब्रश! उद्या चष्मा लावशील.
बोटीची फळी न् फळी खरवडायचा तो दर उन्हाळ्यात,
स्वतःचा जबडा मात्र तसाच घेऊन गेला.

मी बावीसची होते तेव्हा दंतवैद्य बोटीनं यायचा,
वर्षातून एकदा, शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची मांडायचा.
रांग. बादली. बादलीवर फडकं.
मी म्हटलं, हा एक दुखतोय.
तो म्हणाला, बाकीचेही जाणारच,
मी पुन्हा यायला वर्ष,
आणि तुझं तर लग्न ठरलंय म्हणे.
आई म्हणाली, काढा सगळे.
नवऱ्याला मागाहून खर्च नको.

दात कोरून पोट भरत नाही, म्हणायची ती.
खरंय.
पण कोरायलासुद्धा दात लागतात, आई.

लग्नाच्या फोटोत माझे ओठ घट्ट मिटलेले आहेत.
नाती विचारतात, आजी, एवढी लाजायचीस?

पहिला आठवडा त्यानं नुसती पेस्ट चाटली.
दुसऱ्यात ओठाला हात लावू दिला, गुरगुरत.
तिसऱ्यात मला चावला, हळूच,
सांगण्यापुरता.
डॉक्टर म्हणाली, बाहेरची बाजू तेवढी घास,
आतलं जीभ बघून घेते.
माणसांची पेस्ट नको, त्याला थुंकता येत नाही.
मेंढीचं हाड बंद, दात तडकतो.
शेजारची उबेर्लिंदा तरी आणतेच हाड, फडक्यात गुंडाळून.
मी सूप करते आणि
त्याच्याकडे न बघता पिते.

मग टोपी धुते, माझी कवळी काढते,
पेल्यात सोडते.
लुचे पेल्याकडे बघतो, मग माझ्या तोंडाकडे,
मग पुन्हा पेल्याकडे.
काय समजायचं ते समजत असेल.

आज डाव्या बाजूचा ओठ त्यानं आपणहून सैल सोडला.
मी बोट आत सरकवलं, पार मागच्या दाढेपर्यंत,
जिथं आता दाढ नाही, तिथंही थोडं थांबले.
घाई केली नाही.
बाहेर कुणाच्या तरी नावेचं इंजिन खोकत गेलं.

बोटाला लागलेली पेस्ट मी चाखून पाहिली.
कोंबडी म्हणे.
कसली कोंबडी!